शिखर दोन दोरांवर असताना

हर्णे बंदरावर मला ‘डोंगऱ्या मास्तर’ म्हणतात. संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "मास्तर, एव्हरेस्ट केलात काय?" मी नाही म्हणतो. "मग एवढी वर्षं तिकडं केलात काय?" हा दुसरा प्रश्न. त्यात खोच असते, पण तो चुकीचा नाही. सत्तावीस वर्षं मी हिमालयात दोर बांधले, दोर सोडले, दोर तपासले. माणसं वर नेली, आणि नेली तेवढी सगळी खाली आणली. आमच्या धंद्यात हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड असतं. पण एवढं समजावून सांगेपर्यंत पापलेटाची पाटी कोणीतरी उचलून नेतो, म्हणून मी गप्प बसतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर ‘थरारक अनुभव’ मागितले, तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितलं की थरार हा आमच्याकडे कोणाच्या तरी चुकीचा पुरावा असतो. चांगली मोहीम कंटाळवाणी असते. उठायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं, गाठी तपासायच्या, चढायचं, ठरल्या वेळी उतरायचं, पुन्हा बर्फ वितळवायचं. अशा कंटाळवाण्या मोहिमा मी पुष्कळ केल्या आणि मला त्यांचा अभिमान आहे. इथे मात्र जी सांगणार आहे ती तशी नव्हती, आणि त्यातली चूक माझी होती.

आधी गाठीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे वडील तांडेल होते, म्हणजे होडी ज्याच्या हुकमाने चालते तो माणूस. मी सात वर्षांचा असताना त्यांनी मला पहिली गाठ शिकवली. तिचं शेवटचं टोक पूर्ण ओढून घ्यायचं नसतं, त्याचा वेढा बाहेर लोंबता ठेवायचा असतो. बुटाची नाडी आपण बांधतो ना, तसंच. टोकाला एक हिसका दिला की अख्खी गाठ सुटते. जाळं पाण्याखालच्या खडकात अडकलं आणि होडी कलायला लागली, तर गाठ उकलत बसायला वेळ नसतो. "जी गाठ सुटत नाय ना पोरा, ती होडी घेऊन जाते," वडील म्हणायचे. आमच्या बंदरातल्या प्रत्येक पोराच्या बोटांत ही गाठ असते. ती बांधताना कोणी विचार करत नाही.

कॉलेजच्या एका शिबिरातून मी हिमालयात गेलो आणि परत यायचं विसरलो, एवढंच त्या भागाबद्दल पुरे. गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थेत पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोर खुंटीला बांधून दाखवायला सांगितलं. मी सगळ्यांच्या आधी बांधून मोकळा झालो आणि छाती काढून उभा राहिलो. उस्ताद आले. तिकडे शिक्षकाला उस्ताद म्हणतात. त्यांनी माझ्या गाठीचं लोंबतं टोक दोन बोटांत धरून ओढलं, गाठ सुटली, आणि दोर त्यांनी उतारावरून खाली भिरकावला. तो आणायला मला पाऊण तास लागला. आणून दिल्यावर ते एवढंच म्हणाले की आता तू या दोराला लटकला असतास तर तो आणायला उरलाच नसतास.

समुद्रावर न सुटणारी गाठ मारते आणि डोंगरावर सुटणारी. हे एका दिवसात डोक्याला कळलं. बोटांना कळायला दोन वर्षं लागली. मी झोपताना उशाशी दोराचा तुकडा घेऊन बसायचो आणि टोक पूर्ण ओढून घ्यायची सवय लावायचो. शेवटी लागली. निदान मला तसं वाटलं.

लोकांना वाटतं, उंच शिखरावर जायला छाती लागते आणि पाय लागतात. लागतात, पण ते भाड्यानेही मिळतात. सामान वाहायला माणसं असतात. जी भाड्याने मिळत नाही ती शुद्ध. वर हवा विरळ होते. विरळ हवेत आधी पाय जात नाहीत, आधी अक्कल जाते, आणि ती जाताना सांगून जात नाही. माणूस तर उलट मोठ्या खुशीत असतो. एक गृहस्थ होते, चांगले मुरलेले व्यापारी. शिखरावर पोचल्यावर त्यांनी कुलदैवताच्या फोटोबरोबर स्वतःचा फोटो काढायचा म्हणून दोन्ही हातमोजे काढले आणि नीट घडी करून बर्फावर ठेवले. का, तर देवासमोर मोजे बरे दिसत नाहीत. मोजे वाऱ्याने गेले. गृहस्थांची दोन बोटं पेरापासून गेली. दर दिवाळीला त्यांचं पत्र येतं आणि शेवटी लिहिलेलं असतं, ‘अक्षर वाईट आहे, कारण आपण जाणताच.’

म्हणून आमच्या तुकडीत एक रीत होती. तिला आम्ही ‘हात फिरवणं’ म्हणायचो. कोणीही बांधलेली गाठ दुसऱ्याचा हात तिच्यावरून फिरल्याशिवाय पुरी झाली असं मानायचं नाही. नुसतं बघून चालत नाही, बोटांनी चाचपायची. ज्याची गाठ आहे त्याने रागवायचं नाही, ज्याने चाचपली त्याने आभारांची अपेक्षा ठेवायची नाही. एक बांधकामवाले साहेब या रीतीवर फार भडकले होते. मी बांधलंय ना, मग संशय कसला घेता, म्हणाले. माझा जोडीदार बलबीर, गढवालचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि दहापट शांत. तो त्यांना म्हणाला की साहेब, तुमच्यावर विश्वास आहे, तुमच्या बोटांवर नाही. पुढे साहेब इतके सुधारले की जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे.

दुसरा नियम मी स्वतः केलेला. पुढे चढणाऱ्या म्होरक्याची गाठ एकदा जरी चुकीची सापडली, तर सगळ्यांनी खाली यायचं. चर्चा नाही, मतदान नाही. कारण एक चूक सापडली म्हणजे न सापडलेल्या किती आहेत ते त्यालाही माहीत नसतं. हा नियम मी वर्गात पंधरा वर्षं शिकवला. शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर कायम दुसरा कोणीतरी म्होरक्या असायचा.

आता शुभदाताईंबद्दल. त्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात रोपवाटिकेकडे होत्या. आंब्याची कलमं बांधणं हा त्यांचा हातखंडा. मी वर्षातले तीन-चार महिने हर्णेला घरी असायचो, तेव्हा रविवारी पाच-सहा जणांना कड्यावर दोराचं काम शिकवायचो. आमचा जांभा दगड चढायला अत्यंत वाईट. धरला की हातात येतो. पण शिकायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही, कारण कशावरही आंधळा विश्वास टाकू नये हे तो पहिल्याच दिवशी सांगतो. शुभदाताई दापोलीहून सकाळच्या एसटीने यायच्या, सहा वर्षं, एक रविवार न चुकवता. पहिल्या दिवशी त्यांनी बांधलेली गाठ मी चाचपली आणि पुन्हा एकदा चाचपली. इतकी घट्ट आणि इतकी सुबक. मी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाल्या, कलम सुटलं तर झाड मरतं, त्यामुळे सैल बांधायची सवयच नाही.

त्यांना एकच शिखर करायचं होतं. नाव लिहीत नाही. गढवालात आहे, सातएक हजार मीटरच्या आत-बाहेर, फार प्रसिद्ध नाही, पण सोपंही नाही. तरुणपणी त्यांनी त्याचा फोटो एका कॅलेंडरवर पाहिला होता आणि ते पान कापून रोपवाटिकेच्या कपाटाच्या आत चिकटवलं होतं. लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण, सगळं त्या पानासमोरून गेलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण काही माणसांना ते दुरून बघवत नाहीत. त्या त्रेपन्न वर्षांच्या झाल्या तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो काढून सांगितलं की एक मोठी चढाई या गुडघ्यांत आहे, दुसरी नाही. करायची तर यंदाच करा. त्यांनी मला ते फोटोच आणून दाखवले आणि विचारलं, "मास्तर, न्याल काय?" मी त्या शिखरावर आधी दोनदा जाऊन आलो होतो. नेतो म्हटलं.

मोहीम सगळी सुरळीत, म्हणजे छान कंटाळवाणी चालली होती. दिवसा उंच चढायचं आणि रात्री खाली येऊन झोपायचं, असं करत अंगाला विरळ हवेची सवय लावली. शुभदाताई सावकाश चालायच्या, पण एकसारख्या. बसल्या की सुपारी कातरावी तसा बर्फ चढाईच्या कुऱ्हाडीच्या टोकाने तासत बसायच्या. शेवटच्या कॅम्पवर आणखी दोघांना ठेवलं आणि आम्ही तिघे पहाटेच्या आधी निघालो. सकाळी नऊच्या सुमारास बर्फाच्या एका उभ्या भिंतीशी पोचलो. भिंत एका दोराची. आम्ही उंची मीटरमध्ये मोजत नाही, दोरांत मोजतो, आणि आमचा एक दोर चाळीस मीटरचा. भिंतीच्या वर फक्त दोन दोर, मग शिखर. तासाभराचं काम.

भिंत मी चढलो. वर बर्फात खुंटी ठोकली, दोर बांधला आणि खाली हाक दिली. त्याच दोरावर भार टाकत आधी बलबीर वर आला. शुभदाताई खाली एका पायरीएवढ्या जागेत आपली पाळी येण्याची वाट बघत उभ्या होत्या. बलबीर माझ्याशी पोचला, त्याने आधी स्वतःला खुंटीच्या कडीत अडकवलं आणि रीतीप्रमाणे माझ्या गाठीवरून हात फिरवला. त्याचा हात थांबला. मग त्याने लोंबतं टोक दोन बोटांत धरलं आणि ओढलं.

गाठ सुटली. दोर त्याच्या मुठीत नुसता राहिला.

"मास्टरजी," तो म्हणाला, "ये तो नाव की गांठ है."

ही होडीवरची गाठ त्याला मीच दाखवली होती. हिमवर्षावात तंबूत अडकून पडलो होतो तेव्हा, गंमत म्हणून. तो आत्ताच तिच्यावर आपला सगळा भार टाकून वर आला होता. तो चढत असताना त्या लोंबत्या टोकात माझ्या बुटाखालचा लोखंडी दात अडकला असता तर तो चाळीस मीटर खाली गेला असता, आणि खाली शुभदाताई उभ्या होत्या. त्याने दोर स्वतःच्या हाताने नीट बांधला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता.

मला ती गाठ बांधल्याचं आठवत नव्हतं. खुंटी ठोकल्याचं आठवत होतं, हाक दिल्याचं आठवत होतं. मधलं काहीच नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्या डोक्याने हवेअभावी हात टेकले होते आणि बोटं मला न विचारता परत हर्णेला, वडिलांच्या होडीवर गेली होती. मी वर बघितलं. आभाळ निळंशार होतं. धारेवरून थोडा बर्फाचा भुगा उडत होता, रोज उडतो तेवढाच. दोन दोर उरले होते. माझे पाय ठीक होते, श्वास ठीक होता, मला मोठं बरं वाटत होतं. आणि ते बरं वाटणंच वाईट, हे मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

खाली, म्हटलं. बलबीरने मान हलवली आणि उतरायची तयारी सुरू केली. इथपर्यंत मी जे केलं त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. बरोबर केलं. पुन्हा तसंच करेन.

चूक नंतरची आहे. मी दोरावरून शुभदाताईंपाशी उतरलो. आम्ही वर चढत असताना त्यांनी कमरेची कडी, बुटांना बांधलेले लोखंडी दात, सगळं दोनदा तपासून ठेवलं होतं. मला खाली येताना पाहून त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, "काय झालं? वारा?"

शब्द त्यांचा होता. मला नुसती मान हलवायची होती, आणि मी हलवली. "फार आहे वर," म्हटलं.

त्यांनी एकदा वर बघितलं. मग खालच्या दोराला वळसा घेतला आणि उतरायला लागल्या. सहा वर्षांत मी त्यांना शिकवलं होतं की म्होरक्या खाली म्हणाला की खाली. त्यांनी शिकवलेलं पाळलं.

कॅम्पवर येईपर्यंत माझं डोकं ताळ्यावर आलं होतं. संध्याकाळी खालच्या तळावरून वॉकीटॉकीवर हवामान कळलं, पुढचे दोन दिवस शांत. बलबीर मला बाजूला घेऊन म्हणाला की तुम्ही उद्या इथेच विश्रांती घ्या, मी आणि मॅडम वर जाऊन येतो, बांधलेला दोर भिंतीवर आहेच. त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. शिधा होता, इंधन होतं, शुभदाताईंचे गुडघे अजून टिकून होते. फक्त मला त्यांना सांगावं लागलं असतं की मी का येत नाही. दोर शिकवणारा मास्तर, तांडेलाचा मुलगा, आणि गाठ चुकली. जिच्या गाठीचं मी सहा वर्षं कौतुक केलं तिच्यासमोर हे बोलायचं. मी बलबीरला म्हटलं, हवामानाचा भरवसा नाही, उद्या सकाळी सामान आवरा. तो माझा मान राखणारा माणूस. त्याने आवरलं.

दुसऱ्या दिवशी झाडाचं पान हललं नसतं इतकं शांत होतं, तिथे झाड नव्हतं ही गोष्ट वेगळी. हिमनदीच्या कडेने आम्ही उतरत होतो आणि मागे शिखर लख्ख उभं होतं. शुभदाताई दर वळणावर थांबायच्या, मागे बघायच्या, मग चालायच्या. चौथ्या की पाचव्या वळणावर त्या म्हणाल्या, "वारा पडला वाटतं." मी म्हटलं, वरचा वारा खालून कळत नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, मी त्यांच्याकडे न बघता हे बोललो. आधीच्या दिवशी शब्द त्यांचा होता, मी फक्त री ओढली होती. हे वाक्य मात्र मी जोडलं, सरळ चालत, पूर्ण शुद्धीत. शेवटच्या वळणानंतर शिखर दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी पाठ फिरवून डोळे पुसले आणि गॉगल लावला.

त्यानंतर मी आणखी एक वर्ष काम केलं. मग मोहिमा सोडल्या आणि हर्णेला आलो. घरच्यांना वाटलं, वय झालं. वय झालं होतंच. पण खरं हे की त्या दिवसापासून मला माझ्या बोटांकडे बघत बसायची सवय लागली, आणि बोटांकडे बघणाऱ्याने दुसऱ्याला दोरावर घेऊ नये.

मला डोंगराची आठवण येते. बायकोला सांगितलं तर ती म्हणते, मग जा चार दिवस. चार दिवसांची ती आठवण नाही. इथल्या दमट हवेत घामेजलेल्या उशीवर पडलं की मला तिथली कोरडी थंडी हवी असते, नाकपुड्या आत चिकटतात ती. स्टोव्हची घरघर हवी असते. बूट बर्फात रुततो तेव्हाचा करकर आवाज हवा असतो. मी कधीकधी मिठागराच्या बाजूला नुसता त्यासाठी चालून येतो. मिठावर थोडाफार तसा आवाज येतो. लोक विचारतात, मास्तर, हिकडं काय करताय? व्यायाम, म्हणतो. खरं सांगितलं तर हसतील, आणि मीही हसेन, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.

आता दर मंगळवारी मी खेडजवळच्या औद्योगिक वसाहतीत, लोट्याला जातो. तिथल्या कारखान्यांत टाक्यांवर आणि चिमण्यांवर चढून काम करणारे कंत्राटी कामगार असतात, त्यांना पट्टा कसा घालायचा, दोर कसा अडकवायचा ते शिकवतो. ‘हात फिरवणं’ त्यांनाही शिकवलंय. काम झालं की कंपनीच्या बसने खेडपर्यंत येतो, खेडहून एसटीने दापोलीमार्गे घरी. म्हणजे दर मंगळवारी मी शुभदाताईंच्या घरावरून जायचो. खिडकीतून त्यांचं फाटक दिसायचं, आत कलमांच्या पिशव्या रांगेने मांडलेल्या. मी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघायचो. असं पाच वर्षं केलं. वर्षाकाठी एखादा फोन, तब्येत कशी, आंबा कसा, एवढंच.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वर्गात एका कामगाराने विचारलं, खेडकडचा मध्यमवयीन माणूस, खोचक नव्हता, "मास्तर, तुमची गाठ कवा चुकली काय?" मी सहज सांगून गेलो. चुकली, एकदा, हिमालयात, जोडीदाराने पकडली. सगळे कान देऊन ऐकत होते. वर्ग संपला, मी बसमध्ये बसलो, आणि बस सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्या बाईचं शिखर त्या गाठीने गेलं तिला सोडून मी हे तीस परक्या माणसांना सांगून आलो होतो. खेडला एसटी पकडली आणि दापोलीला उतरलो.

शुभदाताई पडवीत बसून कलमं बांधत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच रोपवाटिका काढली आहे. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून उंच स्टूल. बाजूला काठी. मला बघून खुश झाल्या, सोलकढी आणली. मी पेला हातात घेतला आणि पहिल्या घोटाआधी सगळं सांगून टाकलं. गाठ, बलबीर, वॉकीटॉकीवरचं हवामान, बलबीरचं म्हणणं, वळणावरचं माझं वाक्य. त्या बांधत असलेलं कलम हातातच राहिलं.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या दिवशी मी गेले असते."

"हो."

"गुडघे होते तोवर."

"हो."

त्यांनी कलम पुरं बांधलं, टोक कापलं, पिशवी बाजूला ठेवली. गाठ घट्ट बसली. "परत आणलंत त्याचा राग नाही, मास्तर. ते तुमचं कामच. पण दुसरा दिवस माझा होता. तो मला दाखवलासुद्धा नाहीत तुम्ही. बारा वर्षं मी त्या वाऱ्याला शिव्या घालतेय, आणि तो बिचारा त्यात नव्हताच."

मी क्षमा मागितली. द्यायलाच हवी असं काही नसतं, आणि त्यांनी दिली नाही. मग मला काय सुचलं कोणास ठाऊक, काहीतरी भरून द्यावं म्हणून मी म्हटलं, "ताई, मी वर दोनदा जाऊन आलोय. तिथून पुढे काय आहे, वरून काय दिसतं, सगळं सांगतो. पावला-पावलाने सांगतो."

"नको," त्यांनी एकदम हात वर केला. एवढा मोठा आवाज मी त्यांचा कड्यावरही ऐकला नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते सांगू नका. मी रोज जाते तिथून वर. झोप लागेपर्यंत. दरवेळी निराळं दिसतं. तुम्ही सांगितलंत की मग एकच दिसत राहील."

मी सोलकढी संपवली. एसटीची वेळ झाली होती. फाटकापर्यंत त्या काठी टेकत आल्या आणि तिथे त्यांनी विचारलं की दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहिताय ना, तुमच्या मिसेस म्हणाल्या फोनवर. मी हो म्हटलं. "मग हे लिहा," त्या म्हणाल्या. "वाऱ्याला मोकळं करा. पण वरचं लिहू नका."

इथपर्यंतचा लेख वाचून संपादकांचा फोन आला होता. शिखरावरून काय दिसतं त्याचा एक परिच्छेद घाला म्हणाले, वाचकांना तेच हवं असतं. मी नाही म्हटलं. दोनदा पाहिलंय, अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे, लिहायला बसलो तर थांबणार नाही. पण ती जागा दापोलीच्या एका बाईंची आहे, आणि त्या अजून चढतायत.